डोकं माझं, पण...

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल. सरकारचा काय संबंध?" हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. शहाण्या माणसाला स्वतःची काळजी घेता येते, हा विश्वास त्यामागे आहे आणि तो मलाही प्रिय आहे.

पण रस्त्यावर तो तोकडा पडतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर आतला माणूस ज्या वेगाने पुढे फेकला जातो, तो साधारण १० मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्याचा वेग असतो. म्हणजे तिसरा मजला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर पाय सोडून बसू नका, असा कायदा करावा लागत नाही. खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. वेगाचं तसं नाही. सीटवर बसल्यावर तो अंगाला जाणवतच नाही. शिवाय सीटबेल्टचा पट्टा न लावता आपण हजार वेळा सुखरूप घरी पोहोचतो. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. इथे तोच अनुभव रोज चुकीचा धडा गिरवून घेतो.

१९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी सक्ती यायला मात्र १९७३ उजाडलं. तोवर केर्न्स हयात नव्हते. मधल्या बत्तीस वर्षांत किती घरांतली माणसं गेली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

सीटबेल्टचंही तेच. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं जाहिराती करून, समजावून सांगूनही पुढच्या सीटवरचे जेमतेम ४० टक्के लोक पट्टा लावत. १९८३ मध्ये सक्ती झाली आणि हे प्रमाण थेट नव्वदीपार गेलं. माणसं तीच होती, गाड्याही त्याच.

आणि "माझं" म्हणजे तरी कितपत माझं? मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेला माणूस टक्कर होताच पुढच्याच्या पाठीवर आदळतो. पुढच्याने पट्टा लावलेला असला तरी.

सॅम पेल्ट्झमन या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये आक्षेप घेतला होता, की सुरक्षित वाटलं की माणूस बेफिकीर चालवतो. त्याचा परिणाम त्याने मांडला तेवढा मोठा असेल, असं मला वाटत नाही. पण कायद्याची मर्यादा मलाही दिसते. दंडाच्या भीतीने हेल्मेट डोक्यावर येतं, हनुवटीखालचा पट्टा मात्र लोंबकळत राहतो. तो अडकवला नाही, तर पहिल्याच धक्क्यात हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. चालत्या गाडीवरचा तो पट्टा कोणत्या पोलिसाला लांबून दिसणार? तो स्वारानेच अडकवायचा असतो, गाडी सुरू करायच्या आधी.