ईयोबाचे मित्र आणि बर्फाचा खडा

गेली सहा वर्षं मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत असतो. एका वेळी चार तास. त्यामुळे आज उभं राहून बोलायला मिळतंय याचंच मला अप्रूप आहे. एरवी मी आडवा असतो आणि बोलणारे उभे असतात.

त्या उभ्या बोलणाऱ्यांपासूनच सुरुवात करतो. आजार कळला की माणसं भेटायला येतात, आणि पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "यात देवाचा काहीतरी हेतू असेल." म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण मला बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवतात. ईयोब म्हणजे काही दोष नसताना ज्याच्यावर संकटांमागून संकटं कोसळली तो माणूस. अलीफज, बिल्दद आणि सोफर. आपण त्यांना उगाच सरसकट नावं ठेवतो. ते लांबून आले, मित्राची दशा पाहून रडले, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. चकार शब्द काढला नाही. इतकं तरी आपल्यापैकी किती जण करतील? बिघडलं ते पुढे, तोंड उघडल्यावर. तू पाप केलं असशील, पश्चात्ताप कर, सगळं सुरळीत होईल, असं ते अध्यायामागून अध्याय सांगत राहिले.

आणि ईयोब? त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला. देव वावटळीतून त्यालाही खडसावतो, नाही असं नाही. पण ईयोबाच्या पुस्तकाच्या 42व्या अध्यायात राग निघतो तो मित्रांवर, आणि माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असा निर्वाळा देव देतो. आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात ईयोबावरून काय बोलणं झालं ते वाचकाला कळतं. ईयोबाला शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. त्याला देव भेटतो. कारण मिळत नाही.

आता प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत. त्याच्या शरीरात काटा होता. तो कसला, हे त्याने लिहिलेलं नाही. बरंच झालं, नाहीतर तोच आजार असलेल्यांनी तेवढा अध्याय आपल्या नावावर केला असता. काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." हे वचन आपण भेटकार्डांवर छापतो आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवून येतो. पण ते पौलाला स्वतःला, स्वतःच्या प्रार्थनेत मिळालेलं होतं. तोच पौल पोटाच्या आणि वारंवारच्या दुखण्याने बेजार झालेल्या आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, काय लिहितो? नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घेत जा. स्वतःच्या दुखण्यात कृपा पुरे, दुसऱ्याच्या दुखण्यावर औषध. आपण नेमकं उलटं करतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दुखण्याचा हेतू ज्याचा त्याला सापडावा लागतो. बाहेरून आणून दिलेला तो अंगाला बसत नाही.

मला कुठे सापडला? तहानेत. मूत्रपिंडं निकामी झाली की पाणी मोजून प्यावं लागतं. माझ्या वाट्याला दिवसाला पाऊण लिटर, गोळ्यांबरोबरचे घोट त्यातच. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटते. मग मी बर्फाचा एक खडा तोंडात धरतो आणि तो विरघळू नये म्हणून जीभही हलवत नाही. अशाच एका रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा 19वा अध्याय वाचत होतो. वधस्तंभावर प्रभू येशू म्हणतो, "मला तहान लागली आहे." लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, याला माझी भाषा येते. तहान कमी झाली नाही. एकटेपण मात्र गेलं.

आणि एकटेपण गेलं की शेजारची खुर्ची दिसू लागते. सिसिली साँडर्स या ख्रिस्ती बाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 1948मध्ये डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित कॅन्सरने मरणाला टेकला होता आणि त्या त्याच्याशी बोलत बसायच्या. मरणाऱ्यांसाठी घर कसं असावं, हा दोघांचा विषय. जाताना त्याने 500 पौंड ठेवले आणि सांगितलं, तुमच्या घरात मी एक खिडकी होईन. बाई पुढे डॉक्टर झाल्या आणि 1967मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. त्यात त्याची खिडकी आहे. हेतू त्याचा त्याने शोधला होता. बाईंनी तो ऐकून घेतला, आणि एकोणीस वर्षं जपला.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मागच्या महिन्यात एक कॉलेजचा मुलगा आला. सुई पाहूनच पांढराफटक पडला. दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "काका, हातावर हे फुगलंय ते काय?" मी फिस्टुला दाखवला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने शीर धमनीला जोडतात ती जागा, आणि त्याचं बोट त्यावर ठेवलं. आतून रक्त जोरात वाहतं, त्याची थरथर लागते, मांजर घुरघुरावं तशी. तो दचकला.

"हे कायम असंच?"

"असंच हवं. मी रोज सकाळी उठल्यावर आधी हेच तपासतो."

त्याने बोट काढलं नाही. बराच वेळ तसाच बसून होता.