कुलाब्याला पाव पोचला नाही

नमस्कार मंडळी. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत आहे. पावसात तिच्या कमानीखाली तुमच्यापैकी कित्येकजण उभे राहिले असतील. त्याच इमारतीत आपल्या राज्याचं जुनं दफ्तर आहे, पुराभिलेखागार. नाव भारदस्त आहे खरं, पण आपण दफ्तरच म्हणू. सुरुवात १८२१ सालची, कंपनी सरकारच्या काळातली.

दफ्तरात असतं काय? सरकारला ज्याचा त्रास झाला, ते सगळं. सगळं सुरळीत चाललं असेल तर सरकार कशाला कागद काळे करील? भांडण झालं, अर्ज आला, कुणी ऐकेना, की लेखणी उचलली जाते. म्हणून मी नेहमी सांगतो, आपल्या गावाचा इतिहास हवा असेल तर तक्रारी शोधा. पुन्हा सांगतो, तक्रारी शोधा.

आता माझी आवडती गोष्ट. घरच्यांना पाठ झालीय, तुम्ही ऐका.

साल १८३२, महिना जून. मुंबईत भटकी कुत्री फार झालेली. उन्हाळ्यात ठरावीक दिवस ती मारायची, असा नियम आधीपासून होताच. त्या वर्षी मुदत वाढवली. आणि शिपायाला बक्षीस किती? कुत्र्यामागे आठ आणे. आठ आणे, म्हणजे त्या काळी गरिबाच्या घरी मोठी रक्कम. मग काय होणार? रस्त्यावरचं कुत्रं हुशार, ते पळतं. ओट्यावर पेंगणारं पाळीव कुत्रं मात्र हाताला लागतं. शिपाई दारातली कुत्री ओढून न्यायला लागले. बक्षीस मोजून द्यायला लागलं की काम असंच होतं, आजही होतं. आमच्या सोसायटीत उंदरांचं कंत्राट दिलं होतं, पण ते राहू दे.

तर ६ जूनला शिपाई कोटात शिरले. कोट म्हणजे आजचं फोर्ट. तिथे पारशांची वस्ती दाट, आणि तो नेमका त्यांचा सणाचा दिवस. पारशी माणसाला कुत्रं म्हणजे नुसता राखणदार नव्हे. घरात कुणी गेलं, तर मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. सगदीद म्हणतात त्या विधीला. आता त्याच कुत्र्याला डोळ्यांदेखत काठीने मारतायत म्हटल्यावर काय होईल? शिपायांना चोप बसला.

दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बाजार बंद. हरताळ! हिंदू आणि जैन व्यापारीही सामील. आणि मंडळी, खरी गंमत इथे आहे. कुलाब्याला गोऱ्या पलटणीची छावणी होती. कुलाबा तेव्हा बेट, मुंबईला जोडणारा रस्ता म्हणजे कॉजवे झाला १८३८ साली, म्हणजे सहा वर्षांनी. छावणीचं खाणंपिणं कोटातून जायचं. जमावाने तीच रसद अडवली. पाव अडवला, पाणी अडवलं. कुत्र्यांवरून सुरू झालेली गोष्ट साहेबाच्या न्याहारीवर आली! तोवर समजुतीच्या गोष्टी चालल्या असतील, पण सकाळचा पाव आला नाही म्हटल्यावर सरकार खडबडून जागं झालं. दंगलीचा कायदा जमावाला वाचून दाखवला, सैन्य आणलं, धरपकड झाली, काहींना पुढे शिक्षाही झाल्या.

आणि मग शेटलोकांनी काय केलं? अर्ज केला. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी वजनदार माणसं त्यात होती. दगड मारणारे वेगळे, अर्ज लिहिणारे वेगळे. अर्जाची भाषा कशी, तर दंगा झाला हे वाईटच, पण कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत. सरकारने ते मानलं. म्हणजे आज भटक्या कुत्र्यांवरून आपण जो वाद घालतो ना, मारा की हलवा, तो मुंबईत १८३२ साली घालून झालाय. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे टाकलं, तर कुणी वाचलं नाही.

बरं, हे झाले इंग्रजी कागद. मराठी कागद पाहायचे तर पुण्याचं पेशवे दफ्तर. तिथे कागद फायलीत नसतात, रुमालात असतात. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, आजी पापड बांधून ठेवायची तसं. असे हजारो रुमाल, आणि आत बहुतेक मोडी. हात न उचलता लिहायची लिपी, त्यामुळे घाईत लिहिलेलं पान गुंत्यासारखं दिसतं. अलीकडे कुणबी नोंदी शोधायच्या निघाल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. त्याआधी आम्ही मोडी शिका म्हणत होतो, तर लोक हसायचे. असो.

तुमच्या घरी माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेल. आजोबांचे भाड्याचे करार, गिरणीचं हजेरीकार्ड, कोर्टाचं समन्स. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा उघडा. वाळवी लागली असेल तर कागद उन्हात टाकू नका, पिवळे पडून तुकडे होतात. सावलीत, पंख्याखाली. सावलीत, लक्षात राहिलं ना?

मोडीची बाराखडी कशी वाचायची तेही सांगणार होतो, पण काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत. कुत्र्यांनी वेळ खाल्ला. नमस्कार.