गेंड्याचे चाराणे, लाखाच्या गप्पा

नमस्कार मंडळी! खालून भंगारवाल्याचा आवाज येत असेल तर चालवून घ्या. गिरगावात राहायचं तर एवढं आलंच.

आजचा व्हिडिओ मी करणार नव्हतो. पण कॉमेंट उघडली की तेच: "दादा, माझ्याकडे गेंड्याचे चाराणे आहेत, किती लाख येतील?" हे बघा, माझ्याकडेही आहेत. थांबा, फोकस होऊ दे... हां. स्टीलचे पंचवीस पैसे, मागे गेंडा. १९८८ पासून कोट्यवधींनी पाडले. ३० जून २०११ ला चाराणे बंद झाले तेव्हा घरोघरी बरण्या भरलेल्या होत्या. तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे आहेत, शेजारच्या काकूंकडेही आहेत. मग लाख द्यायला कोण बसलंय?

बेसिक पटकन उरकतो. वर्ष बघा, त्याच्याखालची खूण बघा. पत्त्यातली चौकट असेल तर आपली फोर्टातली टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. माहीतच आहे सगळ्यांना, पुढे.

आता नीट ऐका. मागितलेली किंमत वेगळी आणि मिळालेली किंमत वेगळी. तुम्ही मला जे स्क्रीनशॉट पाठवता ना, "दादा, हे बघा, पाच लाख लिहिलंय", ते कोणीतरी मागितलेले असतात. मी उद्या आजोबांची फाटकी छत्री तीन लाखांना टाकली, तर कोण अडवणार आहे? छत्री दाराच्या मागेच लटकणार, पण स्क्रीनशॉट मस्त येईल.

नाही पटत? मग एक प्रयोग करा. कुठल्याही नाणेवाल्याकडून एक नाणं विकत घ्या आणि दहा मिनिटांनी त्यालाच विकायला जा. मी चोरबाजारात हेच चाराणे घेऊन गेलो होतो. चाचांनी बाकड्याखालून तेलाचा डबा ओढला, काठोकाठ भरलेला. म्हणाले, "बेटा, तुझे चाहिए तो बोल." हा खरा बाजारभाव!

आणि "लिलावात तर मोठे आकडे असतात" म्हणणाऱ्यांनो, कॅटलॉगमधला अंदाज म्हणजेही भाव नव्हे. लिलाव झाल्यावर कोणतं नाणं कितीला गेलं त्याची यादी निघते, ती बघा. तीही आपल्या नाण्याच्याच वर्षाची, त्याच खुणेची, तेवढ्याच झिजेची. त्यातूनही लिलाववाले विकणाऱ्याकडून कमिशन कापून घेतात.

मध्येच एका ताईंना उत्तर देतो, तीनदा विचारलंय त्यांनी. ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८ चा अर्धा आणा, मागे हनुमान. ताई, असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. देवघरात खुशाल ठेवा, पण त्याच्या जिवावर फ्लॅटचं बुकिंग नको.

मग काहीच किमतीचं नसतं का? असतं की. इंग्रज राजाचा जुना चांदीचा रुपया घ्या. ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. आजच्या भावाने गुणा, सोनाराची घट वजा करा, त्याच्या खाली जाऊ नका. मात्र १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा तर निकेलचा.

माझ्या आत्याकडे १९११ चा पंचम जॉर्जचा होता. पिग रुपया! राजाच्या झग्यावरच्या साखळीत बारकासा हत्ती आहे, त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना डुक्कर वाटलं. बोंब झाली, नाणी मागे घेतली, १९१२ ला हत्ती सुधारला. मी उड्या मारत फोर्टात गेलो. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं, रुपया दोनदा तिरका केला आणि काचेवर ठेवून दिला. "घासलाय."

आत्या दर लक्ष्मीपूजनाला तो रांगोळीने घासायची. चाळीस वर्षं! सोंड गेली, डुक्करही गेलं. त्याने चांदीचा भाव सांगितला, वर एक पैसा नाही. मी मनात आकडा धरून गेलो होतो तो कुठला? ऑनलाइन मागितलेला. मीसुद्धा त्यातलाच! तेव्हा चिंच, लिंबू, रांगोळी, काही लावू नका. काळं पडलंय तर पडू दे.

आणि "नाणं पास झालंय, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की अशा व्यवहारात ती पडत नाही आणि कसलं कमिशनही मागत नाही.

आता फोटो पाठवाल, पाठवाच. फक्त दोन्ही बाजू पाठवा. सगळे एकच बाजू पाठवतात, आणि तीही चिमटीत धरून, नेमकं वर्ष अंगठ्याखाली.