‘गप रे!’ म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला दारातलं कुत्रं भुंकायला लागलं की आपण काय करतो? कूस बदलतो आणि पांघरुणातूनच ओरडतो, ‘गप रे!’ आमचे तात्याही तेच करायचे. आमचं घर जुन्नर तालुक्यात, गावापासून लांब मळ्यात. बंड्या नावाचा गावठी कुत्रा होता, तांबूस, एक कान दुमडलेला. एका रात्री तो विहिरीकडे तोंड करून भुंकतच राहिला. तात्या दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा त्यांनी चप्पल भिरकावली. बंड्या मुकाट गोठ्यामागे जाऊन बसला. सकाळी मोटर चालू करायला गेलो, तर पेटीपासून विहिरीपर्यंतची सगळी केबल गायब! तांब्यासाठी कुणीतरी तोडून नेली होती. तात्यांनी अंगणात उभं राहून शिव्या घातल्या त्या चोराला नव्हे, बंड्याला. ‘फुकटचं खातो!’

पुढे मी जनावरांचा डॉक्टर झालो. तीसेक वर्षं तालुक्याच्या दवाखान्यांत काढली. त्या काळात हजार वेळा तरी एकच प्रश्न ऐकला असेल: ‘डॉक्टर, राखणीला कोणता कुत्रा घेऊ?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा जर्मन शेफर्ड नाहीतर डोबरमन असतो. या डोबरमनची कथा मोठी बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीतल्या आपोल्डा गावात डोबरमन नावाचा एक करवसुली करणारा गृहस्थ होता. वसुलीला फिरताना सोबतीला धाक वाटेल असा कुत्रा हवा, म्हणून त्याने ही जात तयार केली, असं सांगतात. म्हणजे हा कुत्रा माणसाच्या पायाशी चालण्यासाठी जन्माला आला. आपण काय करतो? त्याला फाटकाशी साखळीने बांधतो आणि लग्नाला पुण्याला निघून जातो.

कुणी कारवान घेतो. दिसायला देखणा, बारीक कमरेचा, लांब पायांचा. पण ती शिकारी जात, नजरेने सावज हेरून धावत गाठणारी. उघड्या रानात तिचा पराक्रम बघावा, ओसरीवर नव्हे. माझं विचाराल तर वस्तीवर राखणीला गावठी कुत्र्यासारखं दुसरं नाही आणि फ्लॅटमध्ये दारावरची घंटा वाजायच्या आधी कलकलाट करणारं पामेरियनही काही वाईट नाही. कारण आपल्याला हवे असतात ते त्याचे कान. माणसाचे कान वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतात, कुत्र्याचे त्याच्या दुपटीहून वर जातात. शिवाय त्याची झोप. ‘काकचेष्टा बकोध्यानं श्वाननिद्रा तथैव च’ हे आपण शाळेत पाठ केलं, पण ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ही श्वाननिद्रा खरोखर मोजली. १९९३ साली त्यांचा निबंध आला. सरासरी १६ मिनिटं झोप, मग ५ मिनिटं जाग, पुन्हा १६ मिनिटं झोप, असं रात्रभर चालतं. सुभाषित लिहिणाऱ्याने नुसती नजर ठेवून हे ताडलं होतं, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

तेव्हा कुत्रा ऐकतो आणि सांगतो. पुढचं काम त्याचं नाही. तो चोराला धरून ठेवेल, अंगावर जाईल, मालकासाठी जीव देईल, हे आपण गोष्टींतून उचललेलं आहे. पोलिसांच्या श्वानपथकातला कुत्रा तसं काही करतो तेव्हा त्याच्यामागे कित्येक महिन्यांचं शिक्षण असतं आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला त्याला शिकवणारा माणूस असतो. तुमचा आमचा कुत्रा अनोळखी माणसाला भुंकतो. ओळखीच्याला तो शेपूट हलवतो. आणि घरातलं कपाट कुठे आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो बहुतेक ओळखीचाच निघतो.

शिवाय खाणं. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. चोरही खाणं घेऊनच येतो, फक्त त्याच्या वाटीत तूप नसतं. गुंगी येऊन पडलेली, तोंडाला फेस आलेली कुत्री माझ्याकडे पहाटे आणली गेली आहेत. काही वाचली, काही नाही. अनोळखी हातातलं खायचं नाही ही शिस्त लावता येते, पण त्याला चिकाटी लागते आणि घरातल्या सगळ्यांनी ती पाळावी लागते. ज्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा कौतुकाने बिस्किट टाकतो, तिथला कुत्रा चोराच्या हातूनही खाणारच.

आणि घर बंद असेल तर? कुत्र्याला आवारात सोडून, शेजारणीला ‘दोन वेळ भाकरी टाका’ सांगून माणसं चार दिवस गावाला जातात. तो भुंकतो, पण ऐकायला कोण? शेजाऱ्यांना त्याच्या भुंकण्याची इतकी सवय झालेली असते, की रातकिड्यांसारखं तेही कानाआड होतं. दिवसभर साखळीला असलेलं कुत्रं तर सावली हलली तरी भुंकतं. शंभर वेळा विनाकारण भुंकल्यावर एकशेएकाव्या वेळी कोण उठणार? बांधून घालून आपणच त्याच्या आवाजाची किंमत घालवतो. कायमच्या बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवायला हवं, त्यात हयगय केली तर तो १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. पण कायदा सोडा, नुसत्या राखणीच्या हिशोबानेही हा तोट्याचा व्यवहार आहे.

आता आमच्या भागातली गोष्ट सांगतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडच्या श्रोत्यांना ती नवी नाही. उसामुळे बिबट्या आमचा शेजारी झाला. त्यातच शेतीची थ्री फेज वीज पुष्कळदा रात्री येते. म्हणजे घरातला कर्ता माणूस पाणी धरायला बाहेर, घरात म्हातारी माणसं आणि पोरं. मग माणूस म्हणतो, दारात कुत्रं असलेलं बरं. पण बिबट्यासाठी कुत्रं म्हणजे पहारेकरी नव्हे, ताट वाढून ठेवलेलं जेवण.

हे मी अंदाजाने बोलत नाही. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, बिबट्याची विष्ठा गोळा करून त्याने काय खाल्लं ते तपासलं. त्याच्या एकूण खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा फक्त ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्या होत्या कुत्र्यांच्या सातपट! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून आमच्या अंगणात जाऊन आलो. उत्तर तिथेच होतं. शेळी दिवे लागायच्या आत गोठ्यात जाते, दाराला कडी लागते. कुत्रं बाहेर. जिची राखण करायची तिला दार आहे आणि ज्याच्यावर राखण सोपवली तो उघड्यावर, कधी साखळीला बांधलेला, म्हणजे पळायचीही सोय नाही. बंड्याही एका पावसाळ्यात असाच गेला. सकाळी नुसता गळ्यातला पट्टा सापडला, बांधावर.

हिमालयातले गद्दी धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, बिबट्याने मान धरू नये म्हणून. तिथे राखणदाराची राखण करायची रीत आहे. आपल्याकडे निदान एवढं करता येईल: रात्री कुत्र्याला जाळीच्या आत घ्या. गोठ्यात, ओसरीला जाळी असेल तर तिथे, नाहीतर चार पत्रे आणि वेल्डमेश लावून खोपटं करा, वरूनही बंद. आतूनही त्याला सगळं ऐकू येतं आणि आतूनही भुंकता येतं.

चावण्याबद्दल दोन शब्द. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ या म्हणीवर मी माझी पोटरी लावणार नाही. एकदा लावून पाहिली आहे. तुमच्या कुत्र्याने दूधवाल्याला किंवा मीटर बघायला आलेल्या माणसाला चावा घेतला आणि तुम्ही निष्काळजी होतात असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फाटकावर पाटी रंगवली म्हणजे जबाबदारी संपली, असं समजू नका. आणि रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्या. राखणीचं कुत्रं रात्री कोल्ह्याशी, भटक्या कुत्र्यांशी भिडतं. त्याला रेबीज झाला तर घरातलं पोरही धोक्यात. चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिखट नको, चुना नको.

मग कुत्रं भुंकलं तर करायचं काय? उठायचं. एवढंच. दार उघडून बॅटरी घेऊन एकट्याने बाहेर धावू नका, बाहेर कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही. आतूनच बाहेरचा दिवा लावा, आवाज द्या, खिडकीतून बघा. संशय आला तर ११२ ला फोन करा, बिबट्या असेल तर वनखात्याच्या १९२६ ला. ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, तिथे एका फोनवर सगळ्या गावाचे फोन वाजतात. अशा गावातल्या कुत्र्याचं भुंकणं खऱ्या अर्थाने कामी येतं.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. सध्या आमच्याकडे खंड्या आहे, काळा, अंगाने बेताचा. रात्री तो शेळ्यांबरोबर जाळीच्या आत झोपतो. परवा पावणेतीनला त्याने सुरुवात केली, विहिरीकडेच तोंड करून. मी उठलो, दिवा लावला. रताळ्याच्या वाफ्यात साळिंदर होतं. दिव्याबरोबर काटे खुळखुळवत उसात पळालं. परत येऊन आडवा झालो, तर बायको म्हणाली, ‘साळिंदरासाठी झोप मोडली ना?’

म्हटलं, केबल जागेवर आहे, बघून आलो.

नमस्कार.