मेंदूला एक टिचकी

[लालबागमधली चाळ. पहाट. रिकामी गॅलरी.]

गिरणगावातल्या अशा एकेका खोलीत दहा-पंधरा माणसं राहायची, आणि झोपायची तीही पाळीपाळीनं. पहिल्या पाळीचा कामगार डबा घेऊन बाहेर पडला की त्याच्या जागी रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा. माझे आजोबा १९८२च्या संपापर्यंत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ते दिवसा झोपायचे तेव्हा सगळं घर कुजबुजत बोलायचं. आजी म्हणायची, “माणूस इथं आहे, पण इथं नाही.” रात्री भोंगा झाला की ती एकदाच हाक मारायची आणि ते ताडकन उठून बसायचे.

इथं असून इथं नसणं म्हणजे काय? जूलिओ तोनोनी यांचं आयुष्य याच प्रश्नामागे गेलं आहे. जन्म १९६०चा, इटलीतल्या त्रेंतोचा. पिसाला ते डॉक्टर झाले, मानसोपचार शिकले आणि पीएच.डी. केली ती झोपेवर. पुढे अमेरिकेत नोबेलविजेते जेराल्ड एडलमन यांच्यासोबत काम केलं. नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठ.

गाढ झोपेत मेंदू बंद पडतो असं आपण धरून चालतो. तो बंद पडत नाही. पेशी विजेचे ठोके देतच असतात. मग जाणीव जाते कुठे?

[अंधारी प्रयोगशाळा. डोक्यावर तारांची टोपी.]

२००५ साली तोनोनी, मार्चेल्लो मास्सिमिनी आणि सहकाऱ्यांनी सहा जणांच्या मेंदूला चुंबकाची टिचकी मारून पाहिली. कवटीबाहेरून, अगदी क्षणभर. माणूस जागा असताना त्या टिचकीनं उठलेली विजेची लहर एका भागातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जात सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत फिरत राहिली. तोच माणूस गाढ झोपला तेव्हा लहर जिथं उठली तिथंच विरली.

[दादरचा पूल, संध्याकाळ.]

मुंबईकराला हे दादरला उभं राहून कळेल. इथं काही अडलं की बोरिवलीचा माणूसही खोळंबतो आणि कल्याणचाही. आता कल्पना करा, सगळ्या स्टेशनांवर दिवे आहेत, इंडिकेटर चालू आहेत, पण एका स्टेशनाची खबर दुसऱ्याला नाही. गाढ झोपेत मेंदूचं असं होतं. पेशी थोडा वेळ बोलतात, मग एकदम गप्प होतात, पुन्हा बोलतात. निरोप पुढे जातच नाही.

तोनोनींचा सिद्धांत, पहिल्यांदा २००४ साली मांडलेला, सांगतो की जाणीव म्हणजे एकमेकांत गुंफलेली माहिती. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी मागच्या लहान मेंदूत असतात, तरी तो गमावलेला माणूस शुद्धीत राहतो. संख्या आहे, गुंफण नाही. २०२३ साली शंभरावर अभ्यासकांनी या सिद्धांताला छद्मविज्ञान म्हटलं. वाद चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. पण सिद्धांत उद्या पडला तरी ती टिचकी राहील, असं मला मनापासून वाटतं.

कारण तिच्यातून एक माप निघालं. लहर किती दूर, किती गुंतागुंतीची फिरली, त्याचा आकडा. २०१६च्या एका अभ्यासात, कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या ४३ रुग्णांना ही टिचकी दिली गेली. हाक मारा, चिमटा काढा, जाणिवेची काही खूण नाही. त्यातल्या नऊ जणांचा आकडा शुद्धीतल्या माणसासारखा आला.

नऊ जण. त्यांच्या उशाशी बसून कोण काय बोललं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

[रिकामी खोली. भिंतीवर आजोबांचा फोटो.]

आजोबा शेवटचे आठ दिवस अतिदक्षता विभागात होते. डोळे मिटलेले, हाकेला ओ नाही. असलं माप घेणारं यंत्र तिथं नव्हतं. भेटीच्या वेळेला आजी रोज आत जायची, त्यांच्या कानाशी वाकायची आणि हळूच म्हणायची, “अहो, भोंगा झाला.”