दहा वर्षांचा शब्द

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. पाळकसाहेब नवरा-नवरीकडून वचनं म्हणवून घेत होते. सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात, मरण वेगळं करीपर्यंत. आणि आमच्या बाकावर कुजबुज चालली होती, जेवण हॉलमध्ये आहे की मागच्या अंगणात? मी कुणाला नावं ठेवत नाही. माझंही अर्धं लक्ष तिकडंच होतं. पण घरी येताना मनात आलं, आपण ख्रिस्ती माणसं जन्मापासून किती शब्द देत असतो! बाळाचा बाप्तिस्मा असतो तेव्हा आईबाप देतात, धर्ममाता-धर्मपिता देतात. दृढीकरणाला, म्हणजे मोठेपणी आपला विश्वास आपण कबूल करतो त्या विधीला, आपण स्वतः देतो. मग लग्नात. मंडळीत एखादं काम अंगावर घेतलं तर तेव्हाही. पुढं त्या शब्दांचं काय होतं?

बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात सरळ सांगितलंय की देवाला नवस केलास तर फेडायला उशीर लावू नकोस. करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. आणि पंधराव्या स्तोत्रात, परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, या प्रश्नाच्या उत्तरात एक अट अशी आहे की शपथ वाहिल्यावर स्वतःचं नुकसान झालं तरी जो फिरत नाही तो. मला ही अट सगळ्यांत जड वाटते. शब्द देताना परिस्थिती एक असते, पाळायच्या वेळी ती भलतीच झालेली असते.

याचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन आणि पंडिता रमाबाई ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. रमाबाईंनी अनाथ मुली सांभाळल्या, विधवांना शिकवलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला आज त्यांच्या एका शब्दाबद्दल बोलायचंय, कारण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

1883 साली इंग्लंडात वाँटेज इथं रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तिथून 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या तो समारंभ पाहायला. तिथं त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली, बालविधवांची हकिकत सांगितली, आणि 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी एक संघ उभा राहिला. ठिकठिकाणी त्याची मंडळं झाली. सभासदानं वर्षाला एक डॉलर द्यायचा, सलग दहा वर्षं. रक्कम लहान, पण मुदत पाहा. आपण वर्गणी एकदा देऊन मोकळे होतो. दहा वर्षं आठवण ठेवून तो एक डॉलर पाठवणं हीसुद्धा निष्ठाच आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत.

रमाबाईंनीही त्यांना एक शब्द दिला. त्या काढतील त्या शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही. मुलींनी आपापले आचार पाळावेत, आपापलं सोवळं सांभाळावं, कुणावर जबरदस्ती नाही. 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, पुढं धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झाल्यावर ज्या आनंदीबाई कर्वे झाल्या. वाचनालयात हिंदू धर्मग्रंथ होते आणि बायबलही होतं. दुसऱ्या वर्षी सदन पुण्याला आलं.

आता विचार करा. ज्या बाईनं आपल्या श्रद्धेपायी आप्तस्वकीयांचा रोष ओढवून घेतला, तिनं रोज पन्नासएक मुलींमध्ये वावरायचं आणि आपल्या जिवाला सगळ्यांत प्रिय असलेल्या गोष्टीबद्दल त्यांच्यापुढं भाषण करायचं नाही. मिशनरी मंडळींना हे पटेना. ख्रिस्ताचं नाव न घेणारी ही कसली ख्रिस्ती संस्था, असा त्यांचा सूर. पुण्यातल्या लोकांना उलटा संशय. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थनेला बसत, दार उघडं असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. 'केसरी'तून टीकेची झोड उठली. 1893 मध्ये सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दोन्ही दगडांवर पाय ठेवू पाहणारा पडतो, असं आपण म्हणतो. इथं बाई एकाच दगडावर घट्ट उभी होती आणि दोन्ही काठांवरून तिला दगड बसत होते.

दार उघडं ठेवणं म्हणजे शब्द मोडणं होतं का? प्रामाणिकपणे सांगतो, टीकाकारांची शंका अगदीच निराधार नव्हती. पुढं सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझी प्रार्थना मी चोरून करणार नाही. शब्द दिला तो प्रचार न करण्याचा, माझा विश्वास लपवण्याचा नव्हे. मला हे पटतं. तुम्हाला कदाचित पटणार नाही. पण त्यांनी दार बंद केलं असतं तर सल्लागार राहिले असते, मुली राहिल्या असत्या, आणि सदनावरचा रोष टळला असता. दुसऱ्या बाजूला, उघड धर्मशिक्षण सुरू केलं असतं तर मिशनरी खूश झाले असते. यातली एकही सोपी वाट त्यांनी धरली नाही.

मग दुष्काळ आला. 1896 - 97. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळं उपाशी मुलीचा चेहरा त्यांना नव्यानं समजावून सांगायची गरज नव्हती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांना केडगावच्या जमिनीवर ठेवलं. आणि इथं एक बारीक गोष्ट आहे, माझ्या मते अख्ख्या हकिकतीतली सगळ्यांत मोलाची. केडगावचं काम उघडउघड ख्रिस्ती होतं, म्हणून त्यांनी ते शारदा सदनापासून वेगळं ठेवलं. बॉस्टनच्या संघाचा पैसा ज्या अटीवर येत होता, ती अट केडगावला लागू नव्हती, तेव्हा तो पैसाही केडगावला नाही. दारात भुकेल्या मुलींची रांग असताना हिशेबाच्या दोन वह्या! आपल्यातला कुणीही म्हणाला असता, अहो, देवाचंच काम आहे, इकडचं तिकडं झालं म्हणून काय बिघडलं? मंडळीच्या कमिटीत बसलेल्या श्रोत्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल.

1898 मध्ये दहा वर्षं भरली. रमाबाई अमेरिकेला गेल्या, संघापुढं हिशेब ठेवला. जुना संघ विसर्जित झाला, नवा झाला, आणि जुनी अट सुटली. त्यानंतर त्या उघडपणे म्हणाल्या की माझी संस्था ख्रिस्ती आहे. मुदत संपल्यावर. आधी नाही.

केडगावचं पुढचं सगळं सांगायला वेळ पुरणार नाही. एकच सांगतो. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल हवं, म्हणून रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. भाषांतराला कितीतरी वर्षं लागली. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच मुली. एकुलती एक लेक मनोरमा, आईच्या पश्चात सगळं सांभाळणार होती ती, 1921 च्या जुलैत गेली. आई त्यानंतरही प्रुफं तपासत राहिली.

केडगावात सांगतात, शेवटच्या आजारात त्यांनी देवाकडं काही दिवस मागून घेतले, राहिलेली प्रुफं पुरी करण्यापुरते. 5 एप्रिल 1922 ला त्या झोपेतच गेल्या. 1924 मध्ये ते बायबल छापून बाहेर आलं.