व्हेनोसाची पांढरी लव

श्रोतेहो, नमस्कार. बेगोनिया म्हटलं की आपल्याला ओलाव्यातलं झाड आठवतं. सह्याद्रीतल्या भिजलेल्या कातळावर गुलाबी फुलांची बेगोनिया क्रेनाटा पावसाबरोबर येते, पावसाबरोबर जाते. मागे फटीत इवलासा कंद तेवढा उरतो. आजची बेगोनिया मात्र वेगळी. बेगोनिया व्हेनोसा, मूळची ब्राझीलची. पानं जाड, मांसल, आणि त्यांवर इतकी दाट पांढरी लव की पान चुन्यात बुडवून काढलंय असं वाटावं. पाणी पानात, खोडात साठवलेलं असतं, त्यामुळे आठ-दहा दिवस तुम्ही विसरलात तरी ही रुसत नाही. लव लक्षात ठेवा हं. पांढरी लव.

तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला आम्ही बारा दिवस साताऱ्याला गेलो. हल्ली लग्नाचं बोलावणं म्हणजे फोनवर एक चित्र येतं. अक्षता घेऊन दारात कुणी येत नाही, चहाही होत नाही. मला नाही पटत. असो. तर कुंडी ठेवली दोन मजले खाली, ह्यांच्या आत्यांकडे. आत्या एकोणऐंशीच्या, हाताला गुण असलेल्या. निघता निघता मी म्हटलं, "आत्या, हिला पाणी घालू नका." एवढंच. लवेचं सांगायचं राहून गेलं.

परत आले तर कुंडी जेवणाच्या टेबलावर, आणि पानं हिरवीगार! मला वाटलं, झाडच बदललं.

"किती गं धूळ ती!" आत्या म्हणाल्या. "आधी वाटलं भुरी पडलीये, काकडीच्या वेलावर पडते तशी. म्हणून ताक शिंपडलं. जाईना, तेव्हा ओल्या फडक्यानं एकेक पान पुसून काढलं."

"आणि पाणी?"

"छे! तू नको म्हणालीस ना? तांदळाचं धुवण घालत होते रोज, वाटीभर."

मी खोड बुडाशी दाबून पाहिलं. उकडलेल्या अळकुडीसारखं लागलं. काय बोलावं सुचेना. आत्यांनीच मग स्वतः दाबून पाहिलं, आत गेल्या, सुरी घेऊन आल्या. "वरचं घट्ट आहे," म्हणत चार बोटांचा शेंडा कापला आणि वर्तमानपत्रावर ठेवून दिला. दोन दिवस. काप वाळल्यावर, निवडुंगाचं कांडं लावतात तसा, जेमतेम ओलसर वाळूत खोचला. महिन्याभरानं मुळं धरली. पहिलं नवं पान उलगडलं ते पांढरंशुभ्र. आत्या चष्मा सावरत म्हणाल्या, "हे पुसायचं नाही ना?"

आता थोडक्यात सांगते, वेळ संपत आलाय. पाणी बोट खुपसून, मगच. दोन पेरं कोरडी लागली तरच घाला. पावसाळ्यात हवा दमट असते, माती लवकर सुकत नाही, तेव्हा हात आणखी आखडता. पुन्हा सांगते, बोट खुपसून, मगच. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली. चिनी मातीच्या बिनभोकाच्या कुंड्या भेट म्हणून देतात ना, त्यात फार तर पेनं ठेवावीत. मातीत निम्म्याच्या आसपास जाड वाळू किंवा विटांचा चुरा. जागा पूर्वेच्या खिडकीत. सकाळचं ऊन मिळू द्या, मे महिन्यातलं दुपारचं टाळा. पानांवर पाणी फवारू नका, पानं पुसू नका. धूळ बसलीच तर हलकेच फुंकर मारा. देठाशी कागदासारखी शिराळ सालं दिसतील, तीही कचरा समजून ओरबाडू नका. व्हेनोसा म्हणजे शिराळच.

ती कुंडी मी परत आणलीच नाही, आत्यांकडेच आहे. गेल्या थंडीत तिला पांढरी फुलं आली, मंद वासाची. आत्यांनी सकाळी साडेसहाला फोन करून मला खाली बोलावलं, दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "लांबूनच वास घे. हात लावायचा नाही."